अमेरिकेतला हंगाम, कार्डिफच्या जिन्यावरून

आमच्या घरात फुटबॉल माझ्याकडून आला, यांच्याकडून नाही, हे आधीच सांगून ठेवते. हे पुण्याचे. यांना क्रिकेट. तेही पाच दिवसांचं, ज्यात चहाला सुट्टी असते तसलं. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पोराला धड चालता येण्याआधी लाथ मारता येते. आणि राहायला आलो कुठे, तर वेल्समधल्या कार्डिफला, जिथे बॉल अंड्यासारखा आणि तो हातात धरून पळायचा. यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आलो. बॉलचा आकार बघून कोणी नोकरी घेत नाही.

माझ्या लहानपणी मुलींनी मॅचला जायची पद्धत नव्हती. पण आमचं घर मैदानाच्या इतकं जवळ, की गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांची राखण करता करता मला सगळं ऐकू यायचं. नुसत्या आवाजावरून मी सांगायचे, गोल झाला, हुकला, की मारामारी लागली. संध्याकाळी धाकटा भाऊ चिखलाने माखून यायचा आणि राहिलेलं सांगायचा. मोठा झाल्यावर तो आमच्या पेठेच्या संघाचा गोलकीपर झाला. मी मात्र मामाच्या पेठेची. मुद्दामच. एका घरात दोन पेठा असल्या की जेवणाला चव येते. ज्याची पेठ हरेल त्याने दुसऱ्याचं ताट उचलायचं असा आमचा नियम होता, आणि ताट उचलताना जे ऐकून घ्यावं लागायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे भाऊ इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला, पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात. तिथे फुटबॉल म्हणजे खांद्यांना उशा बांधून एकमेकांच्या अंगावर पडायचं. त्याने तो विषयच बंद केला. संसार चांगला झाला. मूल नव्हतं, पण दोघं एकमेकांना पुरून उरायची. मग वहिनी आजारी पडली आणि थोड्या महिन्यांत गेली.

त्यानंतरची दोन वर्षं मी दर रविवारी संध्याकाळी त्याला फोन करायचे. त्याच्याकडे तेव्हा दुपार. आमचा फोन हॉलमध्ये, जिन्याशी. मी खालच्या पायरीवर उशी टाकून बसायचे, कारण दर वेळी वाटायचं की आज बराच वेळ बोलणं होईल. उशी गरम व्हायच्या आत फोन संपायचा.

"जेवलास काय?"

"जेवलो."

"काय केलंस?"

"केलं काहीतरी."

"हितं येतोस काय चार दिवस?"

"बघू. बरं, ठेवू?"

भांडला असता, रडला असता, देवाला शिव्या दिल्या असत्या तरी मला चाललं असतं. हा नुसता सभ्य झाला होता. माझा भाऊ आणि सभ्य! मला त्याचीच धास्ती बसली होती. माणूस एकटा राहतो, ऑफिसला जातो, परत येतो, आणि आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. यांना विचारलं तर हे म्हणायचे, "अगं, वेळ जाऊ दे." डॉक्टर लोकांकडे औषध नसलं की ते वेळ देतात.

नव्वदचं दशक निम्मं उलटून गेलं होतं. एका रविवारी 'ठेवू?' म्हणायच्या जागी तो म्हणाला, "अक्का, हितं फुटबॉल सुरू झालाय. आपला. पायाचा."

ऑफिसातल्या एकाकडे जादा तिकीट होतं, तो याला ओढून घेऊन गेला होता. नवी कोरी लीग, पगारी खेळाडू, पहिलाच हंगाम.

"मग? कसा हाय?"

"कसला फुटबॉल! घड्याळ उलटं चालतंय. पंचेचाळीस मिनिटांवरनं शून्यावर येतंय, जसं काय रॉकेट सोडालेत."

"आणि बरोबरी झाली तर?"

"बरोबरी खपत नाही या लोकांना. पस्तीस यार्डांवर बॉल ठेवायचा, एकट्यानं पळत यायचं आणि पाच सेकंदांत गोल मारायचा. समोर गोलकीपर एकटा. असं कुठं असतंय होय?"

असं कुठं असतंय होय! दोन वर्षांत त्याने कशाचीही तक्रार केली नव्हती. मी उशी सारखी केली आणि नीट टेकून बसले. संघांची नावं विचारली. त्याने सांगितली ती मला सोडावॉटरच्या कंपन्यांसारखी वाटली. कपडेही तसेच म्हणे, डोळे दिपवणारे. "परत जाणार काय?" विचारलं तर "बघू" म्हणाला, पण हे बघू जरा वेगळ्या घशातून आलं होतं.

पोळ्या लाटता लाटता मी विचार केला. मी जर 'वा वा, छान, जात जा हं' म्हटलं, तर दोन रविवारांत हा विषय मेला म्हणून समजा. आमच्या दोघांत कौतुकाची भाषा कधी नव्हतीच. खुन्नस होती. तेव्हा पेठ वेगळी करणं भाग होतं. पुढच्या रविवारी मी जाहीर केलं, की तो त्याच्या गावच्या संघाचा असेल तर मी त्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या संघाची.

"तुला काय माहीत तो संघ?"

"माझ्या पेठेचं मला माहीत असतंय."

मला काडीचं माहीत नव्हतं. पण माझी लेक लंडनजवळच्या रीडिंग गावात कॉम्प्युटरच्या ऑफिसात होती, आणि तिथे नुकतंच इंटरनेट आलं होतं. सोमवारी कामावरून घरी पोचली की ती मला फोन करायची.

"आई, तुझी टीम हरला."

"हरली!"

"तेच. टू-वन. आणि तुझी डिफेंडर रेड कार्डवर सेंट ऑफ झाली."

"झाला!"

माझं हे 'हरली' नि 'झाला' ओरडणं ऐकून हे पेपरामागून म्हणायचे, "व्याकरण आईवर गेलंय." कारण आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, आणि भावाशी फोनवर बोलताना माझं आपोआप तसंच व्हायचं. इतकी वर्षं संसार करून यांना ते सुधारता आलं नव्हतं.

म्हणजे शनिवारचा निकाल भावाकडे ताजा आणि माझ्याकडे आठवड्याचा शिळा. पण टोमण्याला शिळेपणा लागत नाही. त्याचा संघ हरला की मी विचारायचे, "तुमच्याकडं बॉल गोलमध्ये मारतात का गोलच्या बाजूनं?" माझा हरला की तो म्हणायचा, "अक्का, तुझ्या पेठेला एक बॉल पाठवून देऊ काय? त्यांना अजून मिळालेला दिसत नाही." त्याने पूर्ण हंगामाचं तिकीट काढलं. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा हॅज अ लाइफ!" तिची ती म्हणायची पद्धत. मला ते इतक्यात म्हणवत नव्हतं. फोन लांबले होते, पण ते फुटबॉलपुरते. घरात काय शिजवतो, कोणाशी बोलतो, वहिनीचे कपडे अजून कपाटात आहेत का, यातलं काही विचारलं की पुन्हा तोच सभ्य माणूस फोनवर यायचा. "बरं आहे. ठेवू?"

त्याच उन्हाळ्यात इकडे युरोपातल्या देशांची स्पर्धा चालू होती आणि इंग्लंड पेनल्टींवर हरलं. आमच्या शेजारची म्हातारी अस्सल वेल्श, इंग्लंड हरलं की तिची दिवाळी. दुसऱ्या दिवशी ती केक घेऊन दारात उभी. म्हणाली, सहज केला. सहज! मी भावाला सांगितलं तर तो खो खो हसला आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "पेनल्टीत गोलकीपर म्हणजे बळीचा बकरा गं. त्यापेक्षा हितलं बरं. बॉलवाला पळत येतोय, तर गोलकीपरला पण पुढं धावून जाता येतंय. बाहेर येऊन गोल झाकायचा. ज्याच्यात धमक तो जिंकणार."

मी हे लक्षात ठेवलं. बायका लक्षात ठेवतात म्हणून पुरुष उगाच नाही घाबरत.

ऑगस्टमध्ये त्याचा संघ आणि माझा संघ समोरासमोर आले. त्या रविवारी फोन लावला, तर त्याच्या 'हॅलो'वरूनच मला निकाल कळला. बरोबरी झाली होती आणि मग ते पाच सेकंदांचं प्रकरण. माझी पेठ जिंकली होती.

"कसं काय हरला?" मी लाडात विचारलं.

"नशीब."

"गोलकीपर बाहेर आला न्हाई वाटतं?"

"आता पाच सेकंदांत कसा येणार? पुढं आला तर डोक्यावरनं मारतात. तुला सांगायला काय जातंय जिन्यावर बसून!"

"तूच म्हणालास की, ज्याच्यात धमक तो बाहेर येतो म्हणून. तुमचा बसला देवळातल्या कासवासारखा. लोक पाया पडून गेले."

"अक्का, तू मैदानात पाय तरी ठेवलायस काय जन्मात?"

"न्हाई ठेवला. पण रेषेवर बसलेला माणूस मला दिसतो. एक बघालोय की दोन वर्षं."

तोंडातून निघून गेलं. मग धाडकन फोन आपटल्याचा आवाज आला.

हे दारात उभे होते. "झालं समाधान? इतक्या महिन्यांनी जरा बोलायला लागला होता, तेवढंही घालवलंस."

मी म्हटलं, "अहो, आपटला! फोन आपटला त्यानं! दोन वर्षं नुसता ठेवत होता." मला खरंच आनंद झाला होता, आणि त्याच वेळी धास्तीही वाटली होती. दोन्ही एकदम कसं होतं ते मला लिहिता येत नाही, पण झालं खरं.

आठवडाभर मी फोन केला नाही. निवू दे म्हटलं. पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला लावला. घंटी वाजत राहिली. अर्ध्या तासाने लावला. तासाने लावला. आनंद गेला आणि धास्ती तेवढी उरली. एकटा माणूस, परक्या मुलखात, आणि मी मोठी बहीण असून त्याला असं बोलले.

"बाहेर गेला असेल," हे म्हणाले.

"तो रविवारी दुपारी कुठं जातो?"

"कुठेच जात नाही ना? मग आज गेला असेल." यांचं बोलणं बरोबर होतं, पण मला पटायला वेळ लागला. दोन दिवस लागले. मी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि यांनी न बोलता खाल्ली, यावरून घरातलं वातावरण समजून घ्या.

मंगळवारी संध्याकाळी चहा टाकला होता आणि फोन वाजला. तो कधी स्वतःहून फोन करत नसे. हॅलो नाही, काही नाही.

"अक्का, पाच सेकंदांत जमत नाही. करून बघितलं."

"काय करून बघितलंस?"

तर हा गृहस्थ रविवारी ऑफिसातल्या चार-पाच जणांना घेऊन पार्कात गेला होता. पस्तीस यार्ड मोजले, एकाच्या हातात घड्याळ दिलं, आणि स्वतः गोलमध्ये उभा राहिला. वय पन्नाशीला टेकलेलं. हातमोजे बागकामाचे.

"मग? बाहेर आलास काय?"

"आलो की. प्रत्येक वेळी आलो. पहिल्यांदा तोंडावर आपटलो. मग कळालं, आधी दोन पावलं टाकून थांबायचं असतंय, त्यानं बॉल पुढं ढकलला की मगच झेप घ्यायची. एक हातानं अडवला, एक तोंडानं. गुडघा मात्र गेला."

'गुडघा' ऐकल्यावर यांनी माझ्या हातून रिसीव्हर काढूनच घेतला. "सूज आहे का? वाकतो? जिना चढता येतोय?" मग हे नुसतं ऐकत राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. मी खुणेने विचारतेय काय झालं, तर हे हात हलवून गप्प बस म्हणतात. शेवटी रिसीव्हर परत देत म्हणाले, "काही झालेलं नाही. मला गोलकीपिंग शिकवतोय."

मी फोन कानाला लावला.

"त्या दिवशी मी फोन आपटला," तो म्हणाला.

"आपटलास."

"तू पण लई बोललीस."

"बोललो. परत बोलीन."

"बोल की," म्हणाला. मग सांगायला लागला, की पुढच्या रविवारी पण ती माणसं यायची आहेत, एकाची बायको सगळ्यांसाठी सँडविचेस करून आणणार आहे, तर आपण काय न्यावं. वहिनी असताना बटाट्याची भजी न्यायची, ती त्याला जमतील का. मी बेसन कसं भिजवायचं ते सांगितलं. वहिनीचं नाव त्याने आपणहून काढलं होतं. मी त्यावर काही म्हटलं नाही, ओवा हातावर चोळून घाल म्हटलं.

"बरं, तुझं काय चाललंय?" त्याने विचारलं. "मघापासनं मी एकटाच बोलालोय."

दोन वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. मग मी त्याला मागच्या बागेतल्या रनर बीन्सचं सांगितलं. यंदा वेल कुंपणावरून शेजारच्या म्हातारीकडे गेलाय आणि शेंगा नेमक्या तिच्या बाजूला लागतात, ती तोडते आणि सहज आणल्या म्हणून मलाच आणून देते. तो मध्येमध्ये विचारत होता, काठ्या किती उंच लावल्यास, खत कोणतं घातलंस. हे चहा घेऊन आले, तो मी जिन्यावरच बसून प्यायला.