हिरवळीवर अनवाणी

आज लोहाऱ्याच्या शाळेत गवत कापणं चालू होतं. त्या ओल्या वासानं मला थेट कोकणात नेलं. तिथं समुद्रकाठच्या ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर माती टाकून एका रिसॉर्टनं गोल्फचं मैदान केलं होतं. तिथली हिरवळ माझा दादा राखायचा. ती बघायला मी अण्णांना, आमच्या वडिलांना, घेऊन गेले होते.

जन्मभर सास्तूरच्या माळावर मेंढरं चारलेले अण्णा हिरवळीच्या कडेला थबकले आणि खळ्यात शिरताना काढावं तसं त्यांनी पायताण काढलं.

“अण्णा, इथं सगळे बूट घालूनच फिरतात,” दादा ओशाळून म्हणाला.

“फिरंनात का. त्यांच्या लेकानं वाढीवलंय व्हय हे?”

तेव्हा मला हसू आलं होतं, आज येत नाही. दादानं मात्र तेव्हाच हातातलं गवत कापायचं मशीन बंद केलं, तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.