आमच्या अंगणातला मचवा

आमच्या घरात कांदा-लसूणही येत नसे, पण मासे मारायचा अठ्ठावीस फुटी मचवा होता.

(मचवा म्हणजे समुद्रावरची मोठी लाकडी होडी. शेलूबाजारात हा शब्द माझ्यामुळे आला. त्याआधी कुणाला त्याची गरज पडली नव्हती.) सगळ्यात जवळचा समुद्र आमच्यापासून ट्रकनं दोन दिवसांच्या वाटेवर. आम्ही जैन. चौकात बाबांचं किराण्याचं दुकान. घरात पाणी गाळून प्यायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. अशा घरात मचवा आणणारा दिवटा मी. ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली, पण प्रत्येक वेळी निम्मीच. उरलेली निम्मी पंचवीस वर्षं पोटात ठेवली. आता पोटालाही ती सोसवेना, म्हणून लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी बाबांनी मला गफूरभाईच्या ट्रकवर बसवून कोकणात सुपारी आणायला पाठवलं. मी बावीस वर्षांचा. मला व्यापारातलं काही कळत नाही असं बाबांचं मत होतं, आणि कळतं असं माझं. सुपारी घेऊन झाली तेव्हा किनाऱ्यावर हा मचवा कलंडून पडलेला दिसला. इंजिनाच्या होड्या आल्या, म्हणून मालक त्याला सरपणाच्या भावात काढत होता. अस्सल सागवान! बाबांना दुकानात नवं काउंटर करायचं होतं, माडीची दारं करायची होती. एका मचव्यात दुकान, माडी आणि वर माझी अक्कल, तिन्ही सिद्ध होणार होती.

मी मालकाला हळूच विचारलं, यात मासे वगैरे तर धरत नव्हते ना? त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "नाय तर काय देवाची पालखी मिरवत होतो?"

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. माहीत होतं, तरी घेतला.

मालकीचा खर्च तिथूनच सुरू झाला. दहा फूट मचवा ट्रकच्या मागे बाहेर, पुढचं टोक गफूरभाईच्या डोक्यावर. पहिल्या जकात नाक्यावरच्या बाबूनं त्याची लाकूड म्हणून जकात घेतली. दुसऱ्यानं वाहन म्हणून. तिसरा चष्मा पुसत दोनदा प्रदक्षिणा घालून आला आणि त्यानं तो फर्निचरमध्ये घातला. चौथ्यानं पैसे घेतलेच नाहीत, फक्त घरच्या पोरांना बोलावून आणून दाखवला. (त्यांच्या चहाचे पैसे मी दिले.) घाटात दोन टायर फुटले. शेलूबाजारात शिरलो तेव्हा सुपारीतला सगळा नफा रस्त्यात सांडला होता आणि बाजार आमच्यामागे चालत होता.

बाबा दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते कधी ओरडत नसत. हळू बोलत, आणि तेच जास्त लागे.

"सुऱ्या, म्या तुले सुपारी आणाले सांगतली होती."

"आणली ना बाबा. आतमंदी ठेवली हाय."

"अन् हे बाहीर काय हाय?"

मी सागवान, काउंटर, माडी, सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी लाकडावरून हात फिरवला. लाकूड त्यांना आवडलं होतं, ते मी ओळखलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "खरं सांग. यातून काय नेत होते?"

"नारळ," मी म्हणालो.

नारळ!

वीस माणसं आणि तीन बैलजोड्या लावून मचवा आमच्या मागच्या अंगणात उतरला. त्यासाठी कंपाउंडची भिंत पाडावी लागली. ती पुन्हा बांधायचा खर्च वेगळा, कारण मचवा बाहेर काढताना ती पुन्हा पाडावी लागणार हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता खरी पंचाईत सांगतो. माझी धाकटी बहीण शकुन. तिच्यासाठी कारंज्याच्या देवचंदजींच्या घरचं स्थळ आलं होतं. कापडाचं मोठं दुकान, मुलगा शिकलेला, आणि घर इतकं कडक, की त्यांनी त्याआधी ठरत आलेलं एक लग्न मोडलं होतं. कारण? मुलीच्या मामानं आपली जागा कोंबड्या पाळायला भाड्यानं दिली होती. शकुन तोंडानं काही बोलायची नाही. पण कारंज्याचं नाव निघालं, की तिच्या हातची पोळी तव्यावर करपायची. एका आठवड्यात आम्ही पाच वेळा करपलेल्या पोळ्या खाल्ल्या आणि आईनं ओळखलं, की पोरीच्या मनात हेच घर आहे. मंडळी महिन्याभरात येणार होती. आणि अंगणात माझे नारळ पडले होते.

तिसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि मचवा बोलू लागला. वास आधी अंगणात, मग माजघरात, मग थेट चौकातल्या गुळाच्या भेल्यांपर्यंत. मी धूप जाळला, कापूर जाळला, पुड्यांवर पुडे उदबत्त्या लावल्या. येणारं गिऱ्हाईक चप्पल काढून दुकानात शिरू लागलं. आईनं विचारलं तेव्हा सांगितलं, समुद्राचं मीठ मुरलं की असाच वास येतो. तिला समुद्र माहीत नव्हता. मला तरी कुठं होता!

मग मांजरं आली. पहिल्या दिवशी तीन, आठवड्यात चौदा. गावातली झाली, मग महामार्गाच्या पलीकडची आली. मचव्याच्या काठावर रांगेनं बसत आणि लाकूड चाटत. दारी आलेला जीव उपाशी कसा ठेवायचा, म्हणून आईनं दुधाचा रतीब वाढवला. बाबा ओसरीवरून बराच वेळ पाहत राहिले. शेवटी मला म्हणाले, "काहून रे, नारळाले मांजरं कवापासून लागून राह्यली?"

मी म्हटलं, खोबऱ्याचं तेल असते नं बाबा, त्याले लागतात.

बाबा मान हलवून आत गेले. त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून ओळखताही येत नसे.

मी घाईघाईनं सुतार बोलावला. उद्याच्या उद्या फोड, म्हटलं. त्यानं पहिली फळी उचकटली तर आतून मूठभर खवले चांदीसारखे चमकले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि गप्प राहण्याची मजुरी वेगळी ठरली. दुसरी फळी उचकटली तर खाली मांजर व्यालेलं. बाबांनी तिथल्या तिथं काम थांबवलं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत मचव्याला हात लावायचा नाही. एकीच्या पिल्लांचे डोळे उघडले त्याच दिवशी पुढच्या टोकाला दुसरी व्याली. सुतार रोज येई, डोकावून पाही, रोजी घेई आणि जाई.

किन्हीराजा गावाकडं दुष्काळी कामावर खोदलेला एक तलाव नुकताच भरला होता. तिथं मासे धरणारा नामदेव भोई एक दिवस मचवा बघायला आला. खाली बसला, वर चढला, वास घेतला आणि तोंडभर हसला. बाबांसमोरच त्यानं रोख किंमत सांगितली. बाबांनी हात जोडले. "बाप्पा, तुह्या धंद्याले मी नावं ठेवत नाही. पण माह्या हातची चीज जीव माराले जाईन, ते मले झेपणार नाही." असा हा मचवा. फोडायचा नाही, विकायचा नाही, ठेवायचा तर नाक राहत नाही.

त्या दिवशी मी सायकल काढून नामदेवला फाट्यावर गाठलं. तलाव भरल्यावर पलीकडच्या वस्तीचा रस्ता बुडाला होता. बाजाराला यायचं तर लोकांना मोठा वळसा पडे. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, की नामदेव मासेमारी सोडतोय, आता त्याला वस्तीची माणसं पार करायला नाव पाहिजे. दान म्हणून देऊ. बाबांचे डोळे भरून आले. "सुऱ्या," ते म्हणाले, "पयल्यांदा तू अकलेचं काम केलं."

(नामदेव बाजाराच्या दिवशी खरंच माणसं पार करी. बाकीचे सहा दिवस जाळं. म्हणजे सातातला एक भाग मी खरंच बोललो होतो.)

मांजरं पिल्लांसकट गोदामात हलवली, भिंत पुन्हा पडली, मचवा गेला. उन्हानं उललेल्या फटी नामदेवनं आपल्या वऱ्हाडी कापसानं आणि डांबरानं बुजवल्या. डांबराचे पैसे बाबांनी आनंदानं दिले. प्रकरण इथं संपायचं. पण देवचंदजी मंडळींसह आले तेव्हा बाबांनी या नावेची कथा त्यांना कौतुकानं सांगितली, आणि ते म्हणाले, "असं पुण्याचं काम पाह्यलंच पाहिजे. चला."

तो बाजाराचा दिवस नव्हता.

मी गफूरभाईला पुढं पिटाळलं, पण आम्हीही त्याच्या मागोमाग पोचलो. नामदेवला वेळ मिळाला तो एवढाच, की त्यानं जाळं बाभळीत फेकलं, सकाळची सगळी मासळी मचव्यातल्या फळ्यांखाली लोटली, आणि प्रवासी म्हणून बायको, सासू आणि एक शेळी आणून बसवली. आम्ही चढलो. बाबा, देवचंदजी, मी. शकुन आईबरोबर काठावर उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

देवचंदजींनी नामदेवच्या सासूला मायेनं विचारलं, "कुठं चालल्या बाई?"

"हे म्हणतीन तिथं," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

तलावाच्या मधोमध फळीखाली धडपड झाली, आणि वीतभर मासा उसळून देवचंदजींच्या पांढऱ्याशुभ्र धोतरात पडला. वल्हं थांबलं. बाबा माझ्याकडे पाहत होते. मी तोंड उघडलं. देवाशपथ, खरं सांगायलाच उघडलं होतं. पण नामदेव आधी बोलला.

"मासोळ्याईले बी पलीकडं जा लागते, शेठजी."

देवचंदजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग खूप वेळ माझ्याकडे. मग दोन्ही हातांनी मासा उचलून अलगद पाण्यात सोडला आणि म्हणाले, "अजून कोणाले जायचं असन तर काढ."

नामदेवनं फळी उचलली. एकेक मासा निघे, देवचंदजी तो पाण्यात सोडत, बाबा हात जोडत, आणि नामदेवची बायको पदराआड डोळे पुसे. सगळी सकाळची कमाई पलीकडे न जाता खाली गेली. (ती मी नंतर भरून दिली.) काठाला लागल्यावर देवचंदजी बाबांना म्हणाले, "मुलगी पसंत हाय."

शकुनचं लग्न झालं. आणि बाबांनी दर दिवाळीनंतर नामदेवला डांबराचे पैसे पाठवायला सुरुवात केली. कांदाही न शिवणारा माणूस पंधरा वर्षं मासेमारीच्या मचव्याला डांबर पुरवत राहिला, आणि मी ते पैसे नेऊन देत राहिलो. दर वर्षी वाटे, यंदा सांगू. त्यांच्या शेवटच्या आजारातही उशाशी बसलो होतो. ते म्हणाले, नाव बुडू देऊ नको. मी म्हटलं, नाही देणार. यावर विनोद करता येत नाही. पुष्कळदा करून पाहिला.

पुढचे डांबराचे पैसे मी देऊ लागलो. कळलं तर शकुनच्या सासरी काय होईल, ही धास्ती होतीच. देवचंदजी गेल्यानंतरही ती गेली नाही.

यंदा दिवाळीत शकुन आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत ऐकत होती.

"झालं?" ती म्हणाली. "दादा, हे मले लग्नाच्या चौथ्या दिवशी मामंजींनी सांगतलं. लय हासत होते. म्हणे, तुहा भाऊ बहिणीसाठी इतकं खोटं बोलते, तर घर चांगलं असन."

दुसऱ्या दिवशी मी तलावावर गेलो. आता कसली भीती नाही, तेव्हा नामदेवला सांगू, की गड्या, हे डांबराचे शेवटचे. तो झाडाखाली विडी ओढत बसला होता. मी विचारलं, मचवा कुठं दिसत नाही?

"तो सडला नं भाऊ. सात वर्सं झाली."

"मंग सात वर्सं मी डांबराचे पैसे कायचे देऊन राह्यलो?"

नामदेवनं विडी विझवली. "तुमी येत, बसत, शकुनबाईची खबर सांगत. सांगतलं असतं तर तुमी आले नसते." मग म्हणाला, "अन् तुमाले द्याले बरं बी वाटे. म्या म्हटलं, कायले मोडा?"

मला फार राग यायला हवा होता. काठावर बसून मी आणायचा प्रयत्नही केला. पण मचव्यापायी मी पंचवीस वर्षं खोटं बोललो आणि तो अवघी सात. म्हणजे वजावट करूनही अठरा वर्षं माझ्याच अंगावर निघतात. मी मुकाट्यानं यंदाचे डांबराचे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि घरी आलो.