शनिवारचा मुक्काम

गुड्डूला कुणाच्या घरी सोडून निघाल्या की काकू मागे वळून पाहत नसत. फाटकाची कडी लावायच्या, पदर खोचायच्या आणि कोराडीच्या बसच्या दिशेने चालू लागायच्या. गुड्डू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तिशी ओलांडलेला, आमच्या दारातून आत येताना वाकावं लागेल इतका उंच, आणि बोलायचा मोजकेच शब्द. तो जाळीच्या दाराला नाक लावून उभा राहायचा. माझ्या आईला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, "अहो, एकदा हात तरी हलवा त्याला." काकू तोंड न फिरवता, रस्त्यातूनच ओरडायच्या, "मेल्यावर बी येऊ काय वं ताई, हात हलवायले?"

आमची ओळख व्यायामोपचार केंद्राच्या बाकावर झाली. माझा धाकटा भाऊ चिनू याला फिट्स येतात आणि त्याची समज लहान मुलाइतकीच राहिली आहे. आत मुलांचे व्यायाम चालत आणि बाहेर त्या लांब बाकावर सगळ्या आया पिशव्या मांडीवर घेऊन बसत. मुलं अठरा वर्षांची झाली की शाळा संपायची आणि पुढे काहीच नसायचं. जे प्रत्येकीच्या मनात होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, ते काकूंनी एका दुपारी मोठ्यांदा विचारलं, "आपल्यामागं या पोट्ट्यांले कोण पाहीन?" एक बाई रडायलाच लागली. काकू तिला म्हणाल्या, "रडतं काहून? आधी सांग, तुझा पोट्टा तुझ्याबिगर एक रात तरी राह्यला काय?" बाकावरच्या एकीचंही मूल कधी राहिलं नव्हतं.

त्यातून मुक्काम सुरू झाला. शनिवारी संध्याकाळी मुलाला दुसऱ्या घरी सोडायचं आणि रविवारी सकाळी आणायचं. पुढच्या शनिवारी त्या घरचं मूल आपल्याकडे. आईने मध्ये फोन करायचा नाही. काकूंचा आणखी एक कडक नियम होता. मुलाला काय आवडतं, काय चालत नाही, हे सांगत बसायचं नाही. औषधं तेवढी सांगायची. "बाकी पोट्ट्यालेच विचारा," त्या म्हणायच्या. "मी नसली तर कोणाले विचारान?"

गुड्डू पहिल्यांदा आमच्याकडे राहिला तेव्हा सकाळी उठून त्याने घरातल्या सगळ्या चपला, बाबांचे बूट, माझे कॉलेजचे सँडल, व्हरांड्यात एका ओळीत लावले. दाराजवळची पहिली जागा मात्र त्याने रिकामी सोडली होती. आम्हाला कळेना. थोड्या वेळाने काकू आल्या, त्यांनी आपल्या चपला बरोबर त्या जागी काढल्या आणि गुड्डू टाळी वाजवून म्हणाला, "आई आली." तो हे वाक्य पूर्ण आणि स्पष्ट बोलायचा.

चिनूला पाठवायची वेळ आली तेव्हा आई त्याचा टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत बसली. काकूंनी तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली. "तुले पाठवून राहिली काय मी सासरी? सोड! सिनेमाले जा नवऱ्याबरोबर, नाहीतर झोप." आई-बाबा सिनेमाला गेले नाहीत. ते झोपले. रविवारी ऊन खोलीत आलं तरी दोघे झोपलेले होते. आईला उजेडात झोपलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी दार हळूच लोटून घेतलं आणि दूधवाल्याला बेल वाजवू दिली नाही.

लोक बोलायचेच. कोराडीच्या वसाहतीत, जिथे काकूंचे यजमान वीज केंद्रात नोकरीला होते आणि ते वारून बरीच वर्षं झाली तरी काकू जिथे राहत होत्या, एक शेजारीण म्हणाली, "पोरगा जड झाला वाटते तुम्हाले." काकू म्हणाल्या, "हो ना. उचलून पाहा एखादवेळी."

मला त्या 'कॉन्व्हेंट' म्हणायच्या. मी इंग्रजी शाळेतली, त्यांच्यासमोर माझं मराठी अडखळायचं आणि गप्प राहणं मला सोपं जायचं. "कॉन्व्हेंट, बोलत नाहीस ते ठीक हाये," त्या एकदा म्हणाल्या, "पण तू पायतं सगळं. पुढं तुलेच पाहा लागन." मी मान हलवली. हे घरात मला कुणी कधीच म्हटलं नव्हतं.

हळूहळू घरं वाढली. मग सगळ्यांनी मिळून मानकापूरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, शोभाताई नावाच्या एक मदतनीस तिथे कायमच्या राहू लागल्या, आणि मुक्काम शनिवारपुरता राहिला नाही. कुणाची प्रसूती, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या घरी मयत, मूल निर्धास्तपणे तिथे. गुड्डू तर तिथे घरच्यासारखा वावरायचा. काकू अभिमानाने म्हणायच्या, "माझा पोट्टा तयार झाला. आता मी कधीबी जाते."

त्या गेल्याही लवकर. खोकला बरेच दिवस होता, तो त्या वीज केंद्राच्या राखेवर ढकलायच्या. दवाखान्यात भरती झाल्यावर त्यांनी गुड्डूला मानकापूरला सोडायला सांगितलं आणि आईला बजावलं, "त्याले मयतीत आणू नका. लोकं रडले की तो घाबरते." आम्ही तसंच केलं. घाटावर सगळ्या आया होत्या. गुड्डू शोभाताईंबरोबर वाटाणे सोलत होता.

तो रडला नाही, जेवला, झोपला. सगळ्या म्हणाल्या, बघा, काकूंचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिशवी भरली, चपलांची ओळ लावली, पहिली जागा रिकामी ठेवली आणि पायरीवर बसला. तिसऱ्या दिवशीही. शोभाताईंनी त्याला सांगून पाहिलं, आईने काकूंच्या फोटोला हार घालून दाखवला. त्याने फोटोतली आई ओळखली, हसला आणि पुन्हा फाटकाकडे बघत बसला.

काकूंनी त्याला आईशिवाय राहायला शिकवलं होतं. पण इतक्या वर्षांत, एकाही मुक्कामानंतर त्या आल्या नाहीत असं झालं नव्हतं. गुड्डू दोन्ही गोष्टी सारख्याच नीट शिकला होता.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. काकू गेल्यावर महिन्याभराने आई मला म्हणाली, "यापुढे रविवारी चिनूला आणायला तू जात जा. मी जाणार नाही." तिने हे भाजी निवडताना, वर न बघता सांगितलं. पहिल्या रविवारी चिनूने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, रिक्षात पाहिलं, घर येईपर्यंत ओठ चावत राहिला. आता तो तेवढं पाहत नाही. आई खिडकीआड उभी असते, ते मला दिसतं.

इथल्याच मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी मी चिनूसाठीच धरून आहे. बाहेरगावी बोलावणं आलं होतं, मी नको म्हटलं. घरी कुणी कारण विचारलं नाही.

गुड्डू अजून रोज सकाळी मानकापूरच्या पायरीवर असतो. मी गेले की माझं नाव घेतो, बाजूला सरकून वाट देतो. मी ओळीच्या शेवटी चपला काढते. ती पहिली जागा कुणीच घेत नाही, नवीन आलेल्या आयासुद्धा. गेल्या रविवारी मी त्याच्याशी बोलत उभी होते. त्याने माझा हात धरला, मला वाटलं काही हवंय. तो मला हलकेच एका बाजूला करत होता. मी सरकले. त्याला फाटक दिसायला लागलं.