प्रेसच्या पुस्तकातली चौकट

लिहिण्याआधी माफी मागायला हवी. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. मी लिहिले ते परीक्षेचे पेपर आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि त्यातही खाडाखोड फार. ज्यांना लिहिता येतं ते मोठ्या गोष्टींवर लिहितात. माझ्याजवळ भंगाराच्या एका मशीनची गोष्ट आहे. ती मी आजवर दोन-तीन जणांना सांगितली, आणि दर वेळी सांगताना स्वतःला थोडं वाचवलं. म्हणून एकदा कागदावर उतरवून बघतो.

आमचं गाव पिंपळवंडी. शेत होतं, पण घरातल्या सगळ्यांना वर्षभर पुरेल एवढं काम त्यात नव्हतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते रोज सायकलवर आळेफाट्याला जायचे. तिथे गॅरेजांच्या मागे भंगाराची वखार होती. मालक जुन्नरचे मुसलमान व्यापारी. त्यांना सगळे चाचा म्हणत. वखारीत चौघं होती: माल निवडणाऱ्या दोन बायका, गॅसकटरवाला आणि दादा.

दादांचं काम एकच. बंद वस्तू उघडायची. जीप-ट्रकचे शॉकअप म्हणजे धक्के झेलणारी, तेल भरलेली नळकांडी, फ्रिजचे कॉम्प्रेसर, झाकण गंजून बसलेले ऑइलचे डबे. हा माल शेवटी भट्टीत जातो, आणि आत तेल किंवा हवा कोंडलेली असली तर तो तिथे फुटतो. म्हणून भोक पाडल्याशिवाय नग ढिगावर टाकायचा नाही, अशी वखारीची रीत होती. दादा शॉकअप दोन दगडांमध्ये बसवायचे, वर ओलं पोतं टाकायचे, पोत्यावरून छिन्नी धरून जड हातोडा घालायचे आणि त्याच क्षणी तोंड फिरवायचे. फुस्स असा आवाज यायचा. पोतं काळं व्हायचं. मग ते थोडा वेळ नुसते उभे राहायचे. "निघू दे समदं," म्हणायचे. असं दिवसभर. घरी आल्यावर उजवा हात वर होत नसे. सदरा काढताना आई बाही ओढायची आणि ते भिंतीकडे बघत राहायचे.

दोन हजार सालाच्या आसपास चाचांनी प्रेस आणली. जुनीच होती, पुण्याकडच्या कुठल्याशा कारखान्यातून घेतलेली. खोल पेटीसारखा तिचा पोटाचा भाग. त्यात पत्रा, मडगार्ड, डबे काय वाट्टेल ते टाकायचं, झाकण लावायचं, दांडा ओढायचा, की आतून तेलाच्या दाबावर जाड लोखंडी भिंत पुढे यायची आणि सगळ्याचा चौकोनी गठ्ठा व्हायचा. ट्रकमध्ये पूर्वीच्या दुप्पट माल बसणार होता. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. मशीन बसवायला आलेला मिस्त्री एका दिवसात दांडा दाखवून निघून गेला. मागे राहिलं ते तिचं पुस्तक, झेरॉक्स केलेलं, इंग्रजीत.

मी तेव्हा जुन्नरला बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वसतिगृहात राहायचो. रविवारी घरी आलो तर दादा म्हणाले, "चाचानं तुला बोलावलंय. तेवढं बुक वाचून दाव त्यांला." त्यांनी हे सांगताना धुतलेली टोपी घातली होती, हे मला नीट आठवतं.

वखारीत मला खुर्ची दिली. चाचा स्वतः पत्र्याच्या डब्यावर बसले. बायकांनी काम थांबवलं. गॅसकटरवाला म्हणाला, "सरका रं, कालेजातलं पावणं आलंय. उजेड सोडा."

मी वाचत गेलो. तेल कुठलं भरायचं, किती दिवसांनी बदलायचं, बोल्ट कधी आवळायचे, हे आकड्यांवरून आणि चित्रांवरून बरंचसं कळलं. मी सांगत होतो आणि दादा माझ्या मागे उभे होते.

मग चाचांनी विचारलं, "बेटा, एक बघ. हे शॉकअप असेच टाकले तर चालंल का? का भोक पाडूनच टाकायचे? मशीन एवढं दाबतंय तर तेल आपोआप निघंल असं मला वाटतं."

मी पानं उलटली. एका पानावर चौकट होती. आत बारीक अक्षरांत सहा-सात ओळी, झेरॉक्समध्ये फिकट झालेल्या. त्यातले चार-पाच शब्द मला येत नव्हते. वाक्य लांब होतं, त्याचा शेंडा सापडेना. मी परत पहिल्यापासून वाचलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या क्षणी "मला हे कळत नाही" एवढं म्हणायचं होतं. ते मला म्हणता आलं नाही. आणि मनात असंही आलं, खोटं कशाला सांगू, की भोकं पाडायची नसतील तर दादांचा खांदा सुटेल.

"असं काही लिहिलेलं दिसत नाही," मी म्हणालो.

दादा म्हणाले, "चाचा, बंद नग दाबू नका. हवा लई वाईट असती."

"अरे भाऊ, बुकात न्हाई ना. तुझ्याच पोरानं वाचलं."

दादा गप्प बसले. तीस-पस्तीस शॉकअप रोज हातांखालून घालवलेला माणूस. चार लोकांत मुलाचं शिक्षण खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प बसले, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या रविवारी ते घरीच होते. चाचांनी काही वाकडं बोलून काढलं नव्हतं. "आता तुझ्याजोगं काम न्हाई राहिलं भाऊ, लागलं की बोलावतो," एवढंच. दादा कांद्याच्या गाड्या भरायला जाऊ लागले. पाठीवर गोणी घ्यायची, फळीवरून चढायचं. त्याच खांद्यावर. आई बाही ओढायची ती ओढतच राहिली.

झेरॉक्स माझ्या पिशवीत राहिली होती. परत देतो म्हणून आणली होती, की मनात काही होतं, आता सांगता येत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात शब्दकोश घेऊन बसलो आणि चौकट एकेक शब्द करत सोडवली. अख्खी दुपार गेली. बंद असलेली, आत तेल किंवा वायू कोंडलेली कोणतीही वस्तू आधी उघडल्याशिवाय प्रेसमध्ये घालू नये. ती फुटून जवळच्या माणसाच्या जिवाला धोका होईल. एवढंच होतं. दादा जे म्हणाले होते तेच.

चाचांना हे सांगायचा धीर व्हायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एसटीनं आळेफाट्याला गेलो. चाचांना सांगितलं की माझ्याकडून राहून गेलं होतं, मला शब्द आले नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"दोन आठवडे मशीन चालतंय, बेटा. काय झालं का? तुझ्या बापाचं काम गेलं याचं मलाही वाईट वाटतं."

"त्यासाठी नाही सांगत, चाचा. खरंच लिहिलंय."

गॅसकटरवाला आता प्रेसचा दांडा ओढायचा. तो हसला. "राव, बुकात नवं पान उगवलं का? त्या दिशी न्हवतं, आज कुठनं आलं?"

बायका खाली बघून निवडत राहिल्या. मी तिथे उभा राहून सगळी चौकट मराठीत वाचून दाखवली. प्रेसचा आवाज चालू होता, त्यामुळे किती ऐकू गेली कोण जाणे.

घरी दादांना सांगितलं. ते गोणीच्या काथ्यानं कापलेल्या बोटांना तेल लावत होते. त्यांनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाले, "खरंच लिवलंय, का माझ्यासाठी बोललास?"

"खरंच लिहिलंय, दादा."

"मग झालं," ते म्हणाले. पण माझा शब्द त्यांना एकदा नीट तपासून घ्यावा लागला होता. याआधी तसं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर वर्गात बसायचो, पण लक्ष नसायचं. दादा सकाळी फाट्यावर जाऊन चाचांना पुन्हा एकदा सांगून आले, असं आईनं सांगितलं. चहा पाजून त्यांना परत पाठवलं होतं. ते दुसऱ्या आठवड्यातही गेले. मग गेले नाहीत. मी मात्र फाट्याकडून येणाऱ्या माणसाला विचारायचं टाळायला लागलो. कुणी ओळखीचं दिसलं की रस्ता बदलायचो. दीड महिना असा गेला. इतका थकवा मला अभ्यासानं कधी आला नव्हता.

परीक्षेच्या आधी, बाजाराच्या दिवशी, गॅसकटरवाला कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला. रस्ता बदलायला जागा नव्हती. त्याच्या डाव्या कानात कापूस होता.

"हिकडल्या बाजूनं ये," तो म्हणाला. "डाव्या कानानं आता ऐकू येत न्हाई."

मी उजवीकडे गेलो. तो खाली बघून, सावकाश बोलला. ट्रकचा शॉकअप होता, भोक न पाडता टाकलेला, तो प्रेसमध्ये फुटला. प्रेसचं झाकण वाकलं, एक तुकडा छपराचा पत्रा फाडून गेला. बायका मालाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, वाचल्या. दांड्यापाशी तो एकटाच होता. डॉक्टर म्हणाले, पडदा गेला.

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यानं हात वर केला.

"तू सांगितलं व्हतंस. म्या हसलो." मग म्हणाला, "चाचानं गाडी पाठवून तुझ्या बापाला बोलावलं. कालधरनं परत भोकं पाडायच्या कामावर हाय. पोराला सांगू नका, त्याचे पेपर हायेत म्हनला तुझा बाप. पर मला वाटलं, तुला कुणी तरी सांगावं."