पंप झोपला की फोन येतो

आयर्लंडमधल्या मलिंगारात आम्हा मराठी मंडळींची घरं मोजून सात. त्यामुळे कुणाकडे काय शिजतं आणि कुणाचं कुणाशी बिनसतं, हे मला कळतंच. नाही कळलं तर मी जाऊन विचारतो.

त्या सातांतलं शेवटचं घर कालव्याकडच्या गल्लीत, डॉक्टर वासंती सबनीसांचं. बाई मूळच्या मिरजेच्या. एकतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात त्यांनी भूल दिली. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा गौरव डब्लिनजवळ चेरीवूडला, एका मोठ्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो. आईसाठी शब्द उरत नाहीत, असं मी म्हणतो. बाई म्हणतात, "त्याला काम असतं हो."

मागच्या वर्षी गौरवने आईच्या घराला हीट पंप बसवून दिला. परसात एसीच्या डब्यासारखा एक डबा. बाहेरच्या गार हवेतूनच तो ऊब ओढून घेतो आणि सगळ्या खोल्या मंद तापवत ठेवतो. बाईंनी एकच अट घातली, की बैठकीतली काचेच्या दाराची, लाकडं जाळायची शेगडी हलणार नाही. "पंपाकडे बघत बसता येत नाही," त्या म्हणाल्या.

आता गंमत अशी, की पंपाचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून त्याला चालू-बंद करणारी डबी, बसवणाऱ्याने शेगडीसमोरच्याच भिंतीवर ठोकली. शेगडी पेटली की त्या डबीला वाटे, घर तापलं. मग ती पंपाला झोपवी, आणि वरच्या खोल्या गारठत. हे सगळं तिकडे गौरवच्या फोनवर आकड्यांत दिसे.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा अर्ध्या तासात फोन आला.

"आई, वरची खोली तेरा डिग्री आहे. पंप का बंद?"

"मला काय कळतंय त्यातलं? तूच सांग."

त्याने सांगितलं. चांगली वीस मिनिटं सांगितलं. मग नातीने फोन घेतला, "आजी, आर यू कोल्ड?"

दुसऱ्या दिवशी शेगडी पुन्हा पेटली. पुन्हा फोन, पुन्हा तेच व्याख्यान. महिनाभर हे चाललं. बाई रोज दोन स्वेटर चढवून गार अंथरुणात शिरत होत्या.

मी तोंडावरच विचारलं, "हजारो माणसं झोपवून वेळेवर उठवलीत, डॉक्टरीणबाई, आणि एक पंप का झोपतो ते कळेना?"

"वय झालं," म्हणाल्या, आणि आणखी एक ओंडका आत सरकवला.

पण गौरव पडला इंजिनिअर. आईला समजत नाही म्हटल्यावर त्याने माणूसच पाठवला. त्या माणसाने थर्मोस्टॅट उचलून पॅसेजमध्ये जिन्याजवळ लावला, पंप दिवसभर मंद चालेल असा ठेवला आणि बाईंना सांगितलं, फार थंडी पडली की संध्याकाळी शेगडी खुशाल पेटवा, बाकीचं पंप बघेल. आणि खरंच, दोघांचं झकास जमलं. घर वर-खाली सारखं उबदार. "ग्रँड," म्हणत तो गेला.

फोनही गेला.

मी रोज चौकशी करत होतो. "काय म्हणतो गौरव?"

"काय म्हणणार? घर एकोणीस डिग्री आहे."

"मग तुम्ही करा की फोन."

"करते ना. 'आई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतो. तो स्वतः करतो तेव्हा मीटिंग नसते."

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तर बाईंनी दार जरा उशिराच उघडलं. पॅसेजमध्ये कोट टांगायच्या खुंटीवर, बरोबर थर्मोस्टॅटच्या खाली, लोकरी गवसणीतली गरम पाण्याची पिशवी लटकत होती. घर चांगलंच गार होतं.

"याला थंडी वाजत होती वाटतं?" मी म्हणालो.

"तुम्ही चहा घेणार की चौकशा करणार?"

एवढ्यात फोन वाजला. बाईंनी दोनदा वाजू दिला, मग उचलला. गौरवचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू येत होता. माझा कान अजून शाबूत आहे.

"आई, पॅसेजमध्ये एकतीस डिग्री? आणि वर चौदा?"

"अगं बाई. बिघडलं असेल काहीतरी."

शेगडीने पॅसेज एकतीस होत नाही, एवढं त्याला नक्की कळलं असणार. बाई पिशवीकडे बघत होत्या. शाळेत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखा चेहरा झाला होता.

"माणूस लगेच नाही मिळायचा," गौरव म्हणाला. "तोपर्यंत मी रोज सातला फोन करत जाईन. तू आकडा वाचून सांगत जा."

"तुला तिकडे दिसत नाही का?"

"दिसतो. पण भरवसा नको. तू वाच."

या गोष्टीला आता चार महिने झाले. माणूस काही आला नाही, आणि कुणी बोलावल्याचंही माझ्या कानावर नाही, म्हणजे बोलावलेलाच नाही. पावणेसातपासून बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसतात. सातला फोन येतो. "एकोणीस पूर्णांक पाच," त्या वाचतात. तो "बरं" म्हणतो, जेवलीस का विचारतो. दोन मिनिटं, फार तर तीन. नंतरही त्या थोडा वेळ तिथेच बसून राहतात.

पिशवी परत अंथरुणात गेली आहे. त्या खुंटीवर आता वाचायचा चष्मा असतो.