दहिसरची मालन

सुनंदा परचुरे कोण, असं मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत विचारलंत तर लोक सांगतील, "त्या होय? पाण्याच्या वेळेवरून सेक्रेटरीला धारेवर धरतात त्या." ते खोटं नाही. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात बाईंची अख्खी नोकरी गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, आता थोड्या आपल्याही कराव्यात, असा त्यांचा सरळ विचार होता. भांडायला पक्क्या. पण मनातलं बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. नवरा, मधुकर, गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायकांना त्यांनी चहा करून दिला आणि लिफ्ट कधी दुरुस्त होणार याची चर्चा केली. त्या बायका घरी जाऊन काय म्हणाल्या असतील ते सांगायला नको.

त्यांना नाद एकच होता, टॅटिंगचा. हे काय असतं म्हणून विचारणाऱ्याला त्या सरळ हातातलं काम दाखवत. बोटभर लांबीचं, होडीच्या आकाराचं शटल घ्यायचं, त्यावर दोरा गुंडाळायचा आणि बोटांवर गाठीमागून गाठ टाकत लेस करत जायची. सुई नाही, यंत्र नाही. गाठी ओढल्या की त्यांची कडी होते, आणि एकदा ओढून बंद केलेली कडी सहसा उघडत नाही. चुकलात तर कात्री लावा, नाहीतर चूक घेऊन पुढे चला. खात्यातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीनं जेवणाच्या सुट्टीत त्यांना हे शिकवलं होतं, एक पैसा न घेता, आणि पुढे कुणाला तरी शिकव म्हणून बजावलंही होतं. हातातली कला अशीच पुढे द्यायची, ही सुनंदाबाईंची तेव्हापासूनची समजूत.

मधुकर गेल्यावर मुलीनं, सईनं, त्यांना ब्लॉग काढून दिला. सई अंधेरीत राहते, तिथल्याच एका कंपनीत मार्केटिंगचं काम करते. नवरा अनय, मूल नाही, वेळ तर त्याहून नाही. आई एकटी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा काहीतरी लिहील, एवढाच तेव्हा तिचा हेतू होता. ब्लॉगचं नाव ठेवलं 'बोटभर दोरा'. सुनंदाबाई लिहायला बसल्या आणि सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, कारण बाई सुरेख लिहीत. दोरा कुठला घ्यावा, घामेजल्या हातांनी गाठ का सरकत नाही, पाहुणे आले की काम कुठे थांबवावं, असलं सगळं आपल्या खोचक शैलीत. नागपूरपासून न्यूझीलंडपर्यंतच्या मराठी बायका येऊन वाचू लागल्या.

वाचू लागल्या, आणि वाचून निघून जाऊ लागल्या. सईला ते बघवेना.

"आई, एवढी गर्दी येते ना, दुसऱ्या कुणी दुकान थाटलं असतं यावर," ती एका रविवारी म्हणाली. "आधी त्यांचे ईमेल घ्यायचे. त्या बदल्यात एक नमुना फुकट. मग शटल, दोरा आणि नमुना असं किट विकायचं. मग व्हिडिओवर क्लास. बघायला येणारी बाई गिऱ्हाईक व्हायला हवी, यार."

"मला कुणी पैसे घेऊन नाही शिकवलं," सुनंदाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. विषय संपला. त्यांच्या लेखी तरी संपला.

पुढच्याच आठवड्यात ब्लॉगवर मालन आली. एका लेखाखाली तिनं लिहिलं होतं, 'ताई, मी दहिसरला राहते, नदीकडच्या चाळीत. घरात सासूबाई आजारी असतात, बाहेर पडता येत नाही. तुमचं वाचते तेवढाच माझा वेळ. पण खरं सांगू? फुकट मिळालेलं मी उद्या करू म्हणून ठेवून देते. पैसे भरले असते तर घरच्यांच्या धाकानं का होईना, शिकले असते.'

सुनंदाबाईंनी ते दोनदा वाचलं. सईनं एवढं डोकं फोडूनही जे पटलं नव्हतं ते या अनोळखी बाईच्या चार ओळींनी पटलं. परकं माणूस बोललं की आपल्याला चटकन पटतं, घरचं बोललं की त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. निदान सुनंदाबाईंचं तरी तसं होतं. त्यांनी सईला फोन करून किटला होकार दिला, आणि तो का दिला ते सांगितलं नाही. सईनंही विचारलं नाही.

मग मालन दर लेखाखाली दिसायला लागली. कधी शंका, कधी कौतुक, कधी नुसतंच 'आज फार बरं वाटलं ताई'. तिच्या मागोमाग इतर बायकाही बोलू लागल्या. किटं जाऊ लागली. तिच्या नावाखाली ईमेलचा पत्ता होता. एका दुपारी सुनंदाबाईंनी त्यावर दोन ओळी टाकल्या, सासूबाई कशा आहेत म्हणून. उत्तर आलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. आणि जन्मात कुणापाशी न उघडलेलं ते कुलूप दहिसरच्या मालनपाशी उघडलं.

काय काय लिहिलं त्यांनी. मधुकरचा चष्मा अजून टीव्हीखालच्या खणात आहे आणि आपण त्याच्या काचा पुसून ठेवतो, हे लिहिलं. सोसायटीत लोक आपल्याला भांडकुदळ म्हणतात ते कानावर येतं आणि लागतं, हेही लिहिलं. आणि एकदा सईबद्दल लिहिलं. 'माझी लेक गुणी आहे गं, पण माझ्याकडे कामाला आल्यासारखी येते. चप्पल दाराशी अशी काढते की निघताना पाय घालायला सोपी जावी. घड्याळाकडे बघते आणि बघत नाही असं दाखवते. मला तिला विचारायचं असतं, की तुला मी आवडते का? पण आईनं लेकीला असं विचारतात का?'

मालननं लिहिलं, 'तिचंही प्रेम असेल ताई. दाखवता येत नसेल. तुमच्यासारखंच.'

आणि गंमत बघा, त्यानंतर सई बदलली. रविवारी येऊन जेवायला थांबू लागली. एकदा आपणहून तेलाची वाटी गरम करून आणली आणि आईच्या मागे बसून डोक्याला तेल लावून दिलं. सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी तेल गेलं म्हणून खपवलं. ती गेल्यावर त्यांनी मालनला कळवलं, 'तू म्हणालीस तेच खरं. तुझ्या तोंडात साखर पडो.'

संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू होतं. त्यांनी मालनला बोलावलं. तिला जमणार नव्हतं. मग निदान पत्ता दे, वाण पाठवते, असं त्यांनी लिहिलं. सासूबाईंना परक्यांकडून काही आलेलं आवडत नाही, असं उत्तर आलं. सुनंदाबाईंनी त्या न पाहिलेल्या सासूला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि मालनचं वाण देवापुढे ठेवून दिलं.

सईनं ब्लॉगवर नवं पान काढलं, शिकलेल्यांच्या कामाचे फोटो लावायला. वाचणाऱ्या बाईला आधी दुसऱ्या बाईचं काम दिसलं पाहिजे, मग ती पैसे काढते, असं तिचं म्हणणं. एका सकाळी चहा घेताना सुनंदाबाईंनी ते पान उघडलं तर पहिलाच फोटो मालनचा. ताटावर झाकायचा पांढरा रुमाल आणि चहूबाजूंनी लेस. खाली लिहिलं होतं, 'ताईंच्या किटवरून शिकले.'

बाई हरखून गेल्या. इतक्या थोड्या दिवसांत इतका सफाईदार हात. मग शिकवणाऱ्याची खोड म्हणून फोटो मोठा करून त्या गाठी तपासू लागल्या. एका कोपऱ्यातल्या कडीला पाचाऐवजी चारच फास, म्हणजे काठाला सोडलेले दोऱ्याचे बारीक वेढे, होते. त्या मनाशीच हसल्या. अगदी हीच चूक आपण केली होती, मालनला कळवू, तिला बरं वाटेल. सईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवताचा रुमाल संपवायची घाई होती, तेवढ्यात दारात केटरर आला, त्याच्याशी पुऱ्यांवरून वाजलं आणि बोलता बोलता कडी ओढली गेली. रुखवत सकाळी मांडायचं होतं, कापायला वेळ नव्हता. ती चूक तशीच सईच्या सासरी गेली.

चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. रुमालाच्या कडेला पिवळट डाग होता. हळदीचा. रुखवताच्या दिवशी मधुकरच्या हाताचा लागलेला.

तरी मन किती चिवट असतं. सईनं हौसेनं फोटो मालनच्या नावाखाली चुकून टाकला असेल, असंही त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. रविवारी सई आली. चप्पल बाजूला नीट काढली, आत येऊन विचारलं, "आई, तेल गरम करू?"

"बस," सुनंदाबाई म्हणाल्या आणि टॅब तिच्यापुढे ठेवला. "हा रुमाल तुझ्या कपाटातला आहे."

सईनं बघितलं. तिला आधी हसूच आलं. "पकडलंस तू. अगं, सगळेच करतात हे. रिकाम्या हॉटेलात कुणी शिरतं का? आधी कुणीतरी बसलेलं दिसावं लागतं. पहिल्या कमेंट मीच टाकायचे. मग बायका बोलायला लागल्या की नाही? किटं गेली की नाही?"

"म्हणजे मालन नाही."

"नाही गं. नाव सुचलं ते टाकलं."

"दहिसर?"

"मुलुंडपासून लांब आहे म्हणून. तू उठून भेटायला जाशील अशी भीती होती."

सुनंदाबाईंनी टॅब पालथा घातला. मग त्यांनी विचारलं, "आणि ईमेल?"

सईचं हसू गेलं. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "पहिलं आलं तेव्हा बंदच करणार होते. देवाशपथ. मग तू बाबांच्या चष्म्याचं लिहिलंस. तू माझ्याशी असं कधी बोललीस, आई? एकदा तरी? मला वाटलं, मी थांबले तर तू परत गप्प होशील."

"सगळं तू वाचलंस."

"हो."

"चपलेचं पण."

"ते वाचून मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले," सई म्हणाली. "आणि बदलले ना मी? जेवायला थांबते. तेल लावून देते. तुला हवं होतं तेच केलं ना मी?"

फोटोचं, किटाचं, भोळ्या गिऱ्हाइकांचं सुनंदाबाईंना वाईट वाटलं होतं, पण ते सोसलं असतं. आता त्यांना एकेक रविवार आठवू लागला. लेक थांबली म्हणून केलेलं भरल्या वांग्यांचं जेवण. डोक्यावरून फिरणारी ती बोटं. हे आपल्यासाठी आपोआप आलं असं वाटून त्या इतके महिने सुखात होत्या, आणि ते मागणी नोंदवल्यावर घरपोच आलेलं निघालं. यातलं तिच्या मनातून किती आलं आणि वाचून किती, हे आता सईलाही सांगता आलं नसतं.

"मला फसवलंस तू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि सईला त्याचीच भीती वाटली.

"परक्या कुणी तर नाही ना वाचलं, आई. मीच वाचलं. तुझ्या मुलीनं."

"तुला सांगितलं नव्हतं मी," सुनंदाबाई म्हणाल्या. "मालनला सांगितलं होतं."

सई बराच वेळ बसली. सॉरी म्हणाली, पुन्हा म्हणाली, मालनच्या सगळ्या कमेंट आजच काढून टाकते म्हणाली. सुनंदाबाईंनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. जेवणाचं कुणीच काढलं नाही. ती निघाली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि लिफ्टचा आवाज खाली जाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

दुपारभर टॅब वाजत होता. मालनचा रुमाल बघून बायका किट मागवत होत्या, आणि एकीनं विचारलं होतं, या मालनताई क्लास घेतात का?

तो मिटवून सुनंदाबाई खुर्चीत बसल्या. हे कुणालातरी सांगितल्याशिवाय आज आपल्याला राहवणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. पोटच्या पोरीनं परकी बाई होऊन आपल्याला बोलतं केलं, आणि आपण वेड्यासारखं तिच्यापाशी तिचीच तक्रार करत राहिलो. शेजारणीला काय सांगणार? भावजयीला काय सांगणार? हसतील.

त्यांनी टॅब उघडला. बोटांनी सवयीनं पत्ता काढला आणि लिहिलं, 'प्रिय मालन, आज सई आली होती.' पुढे लिहिण्यासारखं खूप होतं. त्या तेवढ्याच ओळीकडे बघत बसून राहिल्या, कारण हे सगळं शांतपणे ऐकून घेईल असं दुसरं कुणी त्यांना नव्हतंच.