किल्ली आल्यावर उरलेला सिनेमा

रीळताईला मशीनच्या खोलीत कोंडायला लागून आज पाचवा दिवस. शो सुरू झाला की बाहेरून कुलूप, संपला की पहाऱ्यात घरी. आणि कोंडणारा कुणी परका नव्हे, सख्खा मोठा भाऊ, थिएटरचा मालक! बावीस वर्षं विधवा बहिणीकडून फुकटात सिनेमे चालवून घेतले आणि वर चारचौघांत म्हणायचा, "पोसतोय बिचारीला." कोण कोणाला पोसत होतं ते त्या दोन मशिनींना विचारा. मालकाला त्यातलं एक बटणसुद्धा ठाऊक नव्हतं.

कारण काय, तर पेंटर. थिएटरची पोस्टरं रंगवणारा, पन्नाशीला टेकलेला, अबोल माणूस. तोंडाने कधी काही बोलला नाही, पण त्याच्या प्रत्येक नटीच्या हनुवटीवर रीळताईचा तीळ उमटायला लागला. लोकांच्या ध्यानात आलं नाही, मालकाच्या आलं. त्याने पेंटरला हाकललं. जाताना जिन्यात पेंटर ताईला एवढंच म्हणाला, "रविवारी साडेपाचच्या गाडीने कायमचा जातोय. स्टँडवर तुमची वाट बघेन." त्याच संध्याकाळी दाराला कुलूप आलं.

"या वयात ही थेरं? माझ्या अब्रूचे धिंडवडे काढायचेत का?" दादा गरजला.

ताई रडली नाही. डोकं असं भडकलं होतं की रडायला सवड कुठली! अब्रू म्हणतोस काय, थांब, असं ती पाच दिवस मनातल्या मनात म्हणत होती.

रविवारी तीनचा शो हाउसफुल्ल. सिनेमाही नेमका तसलाच निघाला. नवऱ्याने घरात डांबलेली बाई, तिचं दुसऱ्यावर जडलेलं मन, आणि ती सुटते की नाही या धास्तीने जिवाचे कान करून बसलेले लोक. झरोक्यातून ताईला खाली बाल्कनीत दादाचं टक्कल दिसत होतं. शेजारी त्याच्या लेकीच्या होऊ घातलेल्या सासरची मंडळी.

पाच वाजले. पडद्यावरची बाई दारापाशी पोचली आणि रीळ संपलं. शेवटचं रीळ ताईने दुसऱ्या मशीनवर चढवलंच नाही. 'शांतता राखा'च्या पाट्या ती काजळी धरलेल्या काचेवर टाचणीने कोरायची. तशीच एक काच तिने आज कोरून ठेवली होती. ती दिव्यापुढे सरकवली. पडद्यावर हातभर अक्षरं उमटली:

'सिनेमा दाखवणारी बाई कोंडलेली आहे. किल्ली मालकांच्या खिशात आहे. किल्ली आल्यावर उरलेला सिनेमा.'

लोक आधी हसले. मग कुणीतरी ओरडलं, "ओ मालक, किल्ली!" आणि अख्खं थिएटर खुर्च्या बडवायला लागलं. होणाऱ्या विहीणबाई उठूनच उभ्या राहिल्या. "खरंच कोंडलंय हो सख्ख्या बहिणीला?" मालकाच्या तोंडचं पाणी पळालं.

धावत जिना चढून त्याने कुलूप काढलं, ते किल्लीसकट कडीलाच लटकत ठेवून तो आत घुसला. "तोंड काळं केलंस माझं! लाव ते रीळ. पाया पडतो तुझ्या!"

"पड," ताई म्हणाली.

आणि तो खरंच वाकला. तेवढ्यात ती बाहेर झाली, दार ओढलं, कुलूप घातलं.

"दादा, रीळ उजवीकडच्या डब्यात आहे," ती बाहेरून म्हणाली. "आता तू दाखव."

मागे दारावर धक्के बसत होते, खाली लोक मालकाच्या नावाने शंख करत होते. तिला ऐकून फार बरं वाटलं. जिना उतरून तिने डोअरकीपरच्या हातात किल्ली ठेवली.

"साडेपाचची गाडी सुटली, की उघड."